आधी जाड पाय, मग बाकीची हौस

प्रश्न : माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा २४ मेगापिक्सेलचा मिररलेस कॅमेरा आहे, सोबत किट लेन्स आणि ७०-३०० मिमीची झूम. मोठी लेन्स लावली की सगळं मिळून वजन सव्वा किलोच्या आसपास जातं. सध्याचा ट्रायपॉड अगदी हलका आहे, हेड (कॅमेरा धरून वळवणारा वरचा भाग) त्यावरच कायमचं जोडलेलं. संध्याकाळचे फोटो मोठे करून पाहिले की भुरकट दिसतात आणि ३०० मिमीला चंद्र तर अर्ध्या सेकंदाला एकदाही शार्प आलेला नाही. आता बेताच्या पैशांत नवा ट्रायपॉड आणि बॉल हेड, म्हणजे गोळ्यावर फिरणारं हेड, घ्यायचंय. पाच टप्प्यांचा, जेमतेम किलोभराचा कार्बन फायबरचा ट्रॅव्हल ट्रायपॉड मनात भरलाय. १२ किलो पेलतो असं त्यावर लिहिलंय आणि हेडही त्यातच मिळतं. तेवढ्याच पैशांत चार टप्प्यांचे, पावणेदोन किलोचे ॲल्युमिनियमचे पाय आणि वेगळं बॉल हेड असंही जमतंय. कोणतं घेऊ? पायांवर किती घालवू आणि हेडवर किती? माझी उंची १६५ सेंमी आहे.

उत्तर : ॲल्युमिनियमचे पाय आणि वेगळं हेड घ्या. का, ते पुढे येईलच. पण त्याआधी एक संध्याकाळ आहे त्याच ट्रायपॉडवर घालवा, कारण तुमच्या दोन तक्रारींपैकी एक कितीही भारी ट्रायपॉड आणलात तरी जाणार नाही.

ती चंद्राची. आकाश तासाला १५ अंशांनी सरकतं. ३०० मिमीच्या लेन्सने अर्धा सेकंद शटर उघडं ठेवलं की तेवढ्यात चंद्राची प्रतिमा सेन्सरवर साधारण ११ मायक्रॉन घसरते. तुमच्या सेन्सरचा एक पिक्सेल सुमारे ४ मायक्रॉनचा. म्हणजे चंद्राची कड जवळजवळ ३ पिक्सेल पुसली गेली, मग ट्रायपॉड काँक्रीटमध्ये का ओतलेला असेना. शिवाय पौर्णिमेचा चंद्र म्हणजे भर उन्हात पडलेला खडक आहे, त्याला अर्धा सेकंद लागतच नाही. आयएसओ १००, एफ/८ आणि १/२०० सेकंद इथून सुरुवात करा. चंद्र अर्धा असेल किंवा क्षितिजालगत लालसर असेल तर उजेड कमी पडेल, तेव्हा आयएसओ वाढवा, पण १/६० सेकंदाच्या खाली शक्यतो उतरू नका. खालचा अंधारलेला डोंगर आणि वरचा चंद्र दोन्ही हवे असतील तर दोन वेगळे फोटो काढून जोडावे लागतात. एका फोटोत ते बसत नाहीत, हा प्रकाशाचा प्रश्न आहे.

संध्याकाळच्या भुरकट फोटोंमागे मात्र ट्रायपॉड असू शकतो. ते असं तपासा. मोठी लेन्स लावा, झूम ३०० मिमीला न्या आणि लांबच्या एखाद्या पाटीवरच्या अक्षरांवर फोकस करून स्क्रीनवर चित्र जास्तीत जास्त मोठं करा. आता एका पायाला टिचकी मारा. अक्षरं थरथरतील. ती शांत व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. मधला दांडा वर असताना एकदा, पूर्ण खाली करून एकदा आणि पायांचा सगळ्यात खालचा, बारीक टप्पा आत ढकलून एकदा. तिन्ही वेळांतला फरक पाहिलात की नव्या ट्रायपॉडमध्ये काय शोधायचं हे तुम्हाला वेगळं सांगावं लागणार नाही.

मग फोटो काढून पाहा : शटर १/४ सेकंद, एकदा २ सेकंदांच्या टायमरवर, एकदा १० सेकंदांच्या. १० सेकंदांचा शार्प आणि २ सेकंदांचा भुरकट आला तर बोटाने दिलेला धक्का ट्रायपॉडला वेळेत जिरवता येत नाहीये. दोन्ही सारखेच भुरकट आले तर दोष दुसरीकडे शोधा. लेन्समधलं किंवा बॉडीतलं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर भरून काढणारी यंत्रणा, चालू राहिलं असेल. बऱ्याच जुन्या लेन्समधली ही यंत्रणा ट्रायपॉडवर नसलेली हालचाल शोधत बसते आणि स्वतःच चित्र हलवते. कॅमेऱ्याचा पट्टा वाऱ्यावर फडफडत असेल. मिररलेसमध्ये मेकॅनिकल शटरचा पहिला पडदाही हलका दणका देतो, म्हणून मेन्यूत ‘इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन’ असेल तर तो चालू करा. साधारण १/३० ते १ सेकंद हा पट्टा सगळ्यात वाईट असतो. २० सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये सुरुवातीचा अर्धा सेकंद थरथर झाली तरी ती उरलेल्या साडेएकोणीस सेकंदांत बुडून जाते. १/४ सेकंदात तिला बुडायला जागाच नसते.

एवढं करूनही ट्रायपॉडच दोषी ठरला, तर आता खरेदीकडे वळू.

पायांत पहिल्यांदा एकच आकडा पाहायचा : सगळ्यात वरच्या नळीचा व्यास. साधारणपणे २२, २५, २८, ३२ मिमी असे तो येतो. पातळ पत्र्याच्या नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या पटीत वाढतो, म्हणून हा आकडा दिसतो त्यापेक्षा फार मोठं काम करतो. पत्र्याची जाडी तीच धरली तर २२ मिमीच्या नळीपेक्षा २८ मिमीची नळी दुपटीहून ताठ असते. वाकायला आणि पिळायलाही.

त्यानंतर टप्पे मोजा. प्रत्येक टप्प्याला नळी साधारण ३ मिमीने बारीक होत जाते, कारण ती वरच्या नळीत शिरायला हवी. २५ मिमीपासून सुरू होणारा पाच टप्प्यांचा पाय खाली पोचेपर्यंत २५, २२, १९, १६ आणि १३ मिमी असा उतरतो. शेवटचा टप्पा म्हणजे जाडसर मार्कर पेन. २८ मिमीचा चार टप्प्यांचा पाय २८, २५, २२, १९ असा उतरतो. १३ आणि १९ या दोघांच्या ताठपणात तिपटीचा फरक आहे, आणि ट्रायपॉड त्याच्या सगळ्यात कमकुवत नळीवर उभा असतो. पाच टप्पे घेतल्याने एकच गोष्ट मिळते, घडी लहान होते. पाय उलटे दुमडणारा असा ट्रायपॉड ४० सेंमीच्या आत बसतो, चार टप्प्यांचा ५० सेंमीच्या पुढेमागे आणि तीन टप्प्यांचा ६० च्या वर. सायकलच्या पिशवीत किंवा विमानातल्या हातबॅगेत तो बसलाच पाहिजे अशी अट असेल तर पाच टप्प्यांना पर्याय नाही. तुमच्या पत्रात अशी अट दिसत नाही. तीन टप्प्यांचा मिळाला तर तो सगळ्यात उत्तम, उघडायला झटपट आणि लॉकही कमी. पण लांब घडी वागवायचा कंटाळा येऊन तो घरीच राहण्याची भीती असते, म्हणून चार.

आता ते १२ किलो. हा आकडा सगळ्या कंपन्यांनी एकाच रीतीने मोजलेला नसतो, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. बहुतेक वेळा त्याचा अर्थ इतकाच, की सरळ खाली दाबणारं तेवढं वजन ठेवलं तर लॉक घसरत नाही आणि काही मोडत नाही. तेवढ्या वजनाखाली तो थरथरतो किती याबद्दल तो काहीच सांगत नाही. तुमच्या सव्वा किलोच्या सरंजामासाठी ४ किलोंपेक्षा कमी लिहिलेलं काही घेऊ नका, एवढाच त्याचा उपयोग. त्याच्यावर ८ आहे की १२ की १५, हे विसरून जा.

कार्बन फायबरबद्दल गैरसमज नको. तेवढ्याच जाडीच्या ॲल्युमिनियमपेक्षा ते हलकं असतं, थरथर लवकर जिरवतं आणि थंडीत हाताला चटका देत नाही. फरक खरा आहे. पण बेताच्या पैशांत कार्बन घ्यायचं म्हणजे व्यास आणि सांध्यांवर पाणी सोडायचं असा सौदा होतो, आणि त्यात नुकसान तुमचं. बारीक कार्बनपेक्षा जाड ॲल्युमिनियम केव्हाही ठाम. मार खाण्याची तऱ्हाही वेगळी : ॲल्युमिनियमला पोचा पडतो आणि तो टप्पा आत जायला अडतो, कार्बन कडेवर आपटला तर तडकतो. रोज दहा-बारा किलोमीटर पायी चालून फोटो काढणार असाल तर हे सगळं गणित बदलतं, कारण पाऊण किलो पाठीवर जाणवतोच.

उंची किती हवी? इथे बहुतेक जण गरजेपेक्षा जास्त विकत घेतात. तुमची उंची १६५ सेंमी, म्हणजे डोळे जमिनीपासून सुमारे १५३ सेंमीवर. त्यातून हेडचे १० सेंमी वजा करा, कॅमेऱ्याच्या तळापासून व्ह्यूफाइंडरपर्यंतचे ७ वजा करा. उरले १३६. मधला दांडा खाली असताना, पाय पूर्ण उघडून पायांची उंची १३० ते १३६ सेंमी भरली की तुम्ही ताठ उभं राहून डोळा लावू शकता. तुमचा कॅमेरा मिररलेस आहे. स्क्रीन वर वळत असेल तर १२० सेंमीतही काम भागतं. माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलेली ‘कमाल उंची’ दांडा पूर्ण वर काढून मोजलेली असते. ती सोडून द्या आणि दांड्याशिवायची उंची शोधा, ती बहुधा बारीक अक्षरांत असते.

तो मधला दांडा म्हणजे तीन पायांच्या बैठकीवर उभी केलेली एकपायी काठी. ३०-३५ सेंमी वर काढलात की तीन पायांचा फायदा तिथेच संपला. सोय म्हणून तो असू द्या, ५-१० सेंमीच्या बारीक फेरफारासाठी तो बराच कामाचा आहे. पण उंचीसाठी त्याच्यावर विसंबून ट्रायपॉड निवडू नका. दांडा काढता येत असेल किंवा दोन तुकड्यांत उघडत असेल तर जमिनीलगत फोटो काढता येतात. आडवा वळणारा दांडा या पैशांत नको. वळण्याचा तो सांधा म्हणजे हलायला आणखी एक जागा.

लॉक दोन प्रकारची. फ्लिप लॉकचा खटका उघडा की बंद हे लांबूनच दिसतं, आणि सैल पडला तर बाजूचा बोल्ट पाव फेरा आवळला की झालं. ट्विस्ट लॉक आटोपशीर असतं, झाडाझुडपांत अडकत नाही, पण वाळू आत गेली की करकरतं आणि उघडून धुवावं लागतं. स्वस्तातलं फ्लिप लॉक स्वस्तातल्या ट्विस्ट लॉकपेक्षा जास्त वर्षं बिनतक्रार जातं असं आमचं मत आहे, पण यावरून भांडायला आम्ही उभे राहणार नाही. ट्विस्ट लॉक घेतलंत तर ते पाव ते अर्ध्या फेऱ्यात उघडायला हवं. दोन-तीन फेरे द्यावे लागले तर आतला टप्पा हातात निघून येतो.

दुकानात गेल्यावर ट्रायपॉड हातात घेऊन कौतुक करू नका, त्याला त्रास द्या. सगळे टप्पे उघडून, दांडा खाली ठेवून तो जमिनीवर उभा करा. एकेका पायावर तळहाताने भार द्या; एकही लॉक मिलिमीटरभरही घसरता कामा नये. मग वरची गोल बैठक दोन्ही हातांनी धरून घट्ट झाकण उघडतो तशी हलकेच पिळा. प्रत्येक ट्रायपॉड थोडा पिळतोच. पाहायचं ते हे, की हात सोडल्यावर तो लगेच जागेवर येतो का. परत येताना ‘टक्’ झालं किंवा थोडा वाकडाच राहिला, तर पाय जिथे बैठकीला जोडलेत तो सांधा ढिला आहे. तिथला बोल्ट ॲलन कीने आवळता येत असेल तर पुन्हा आवळून पाहा. बोल्टऐवजी ठोकलेला रिव्हेट असेल तर तो ट्रायपॉड खाली ठेवा, कारण हा सांधा वापराने सैल होतोच आणि रिव्हेट पुन्हा आवळता येत नाही.

हेडकडे वळताना पायांच्या माथ्यावरचा स्क्रू पाहून घ्या. कॅमेऱ्याच्या तळाला पाव इंची आटे असतात, हेडच्या तळाला बहुधा ३/८ इंची. पायांच्या माथ्यावर ३/८ इंचीच स्क्रू असावा. पाव इंची स्क्रू असलेले पाय म्हणजे ते फार हलक्या कामासाठी बनवलेत याची खूणच, आणि त्यावर जोडलेलं हेड कॅमेरा फिरवताना सारखं सुटत राहतं. काही बैठकींच्या खालच्या अंगाला छोटे ग्रब स्क्रू असतात, ते वर आवळले की हेडच्या तळाला टेकून ते फिरू देत नाहीत. असले तर चांगलंच. नसले म्हणून अडत नाही.

बॉल हेडमध्येही व्यासच बघायचा, या वेळी गोळ्याचा. तुमच्या ७०-३०० ला स्वतःची कॉलर (लेन्सच ट्रायपॉडला जोडायची कडी) नसणार, म्हणजे कॅमेरा बॉडीच्या स्क्रूवर टांगला जाणार आणि लेन्सचं वजन पुढे लोंबणार. समजा तोल स्क्रूच्या ६ सेंमी पुढे पडतोय. १.२ किलो गुणिले ६ सेंमी, म्हणजे ७.२ किलो-सेंमीचा पीळ गोळ्याला खाली वळवायला बघतोय. ३६ मिमीच्या गोळ्याची त्रिज्या १.८ सेंमी, तेव्हा त्याला पृष्ठभागावर ४ किलोइतकं घर्षण धरून ठेवावं लागतं. गोळा ४४ मिमीचा असेल तर ३.३ किलोत काम होतं. मोठा गोळा घट्ट धरतो याचं कारण एवढंच आहे : त्याचा हात लांब आहे. तुमच्यासाठी ३६ ते ४० मिमी पुरेसा. ३० च्या खाली जाऊ नका, मग हेड दिसायला कितीही गोंडस असो. ४४ आणि त्यापुढचे गोळे जड लेन्ससाठी, त्यांचं वजन उगाच वागवावं लागेल.

हेडला बटणं किती? मुख्य लॉकची मूठ एक, तळाशी गोल फिरवण्याचं लॉक एक, हे हवेतच. तिसरा, घर्षण ठरवणारा स्क्रू असेल तर जरूर घ्या. तो एकदा बेताने आवळून ठेवला की मुख्य लॉक सोडल्यावर लेन्स धपकन खाली आपटत नाही, कॅमेरा जड मधासारखा हळू फिरतो. बोटं चिमटण्यापासून वाचतात ते वेगळंच. वरच्या बाजूला गोल फिरवण्याची दुसरी सोय, पाण्याचे तीन-तीन बुडबुडे, रंगीत कड्या यांचे पैसे देऊ नका.

बॉल हेडची खोड एकच आणि ती महाग हेडांतही थोडी असते : फ्रेम जुळवून मूठ आवळली की चित्र सरकतं. याची कारणं दोन आणि ती वेगळी ओळखता येतात. मूठ आवळतानाच चित्र सरकलं तर आतला दाबणारा ठोकळा गोळ्याला एका बाजूला ढकलतोय, हा हेडच्या घडणीतला दोष. मूठ आवळून झाली, तुम्ही कॅमेऱ्यावरचा हात काढला आणि मग चित्र खाली बसलं, तर प्लेटचं (कॅमेऱ्याच्या तळाला लावून हेडमध्ये अडकवायच्या पट्टीचं) रबर, गोळ्याची मान किंवा पाय लवताहेत. म्हणून हेड पारखताना तुमचा कॅमेरा आणि ३०० मिमी घेऊनच जा. स्क्रीनवर चित्र मोठं करा, आवळा, बघा. हात सोडा, पुन्हा बघा. किट लेन्सवर हा दोष दिसतच नाही आणि तिथेच लोक फसतात. थोडंसं सरकत असेल तर फ्रेम तेवढीच वर धरून आवळायची सवय होते. पण दर वेळी वेगळ्या दिशेला सरकत असेल तर त्या हेडला सवय लावून घेता येत नाही.

आवळायला किती जोर लागतो तेही बघा. दोन बोटं आणि अंगठा यांनी मध्यम आवळून ३०० मिमी जागेवर राहायला हवी. मुठीत धरून, दात-ओठ खाऊन आवळावं लागत असेल तर सहा महिन्यांनी तेवढ्यानेही भागणार नाही.

प्लेट आर्का-स्विस पद्धतीची घ्या, ४५ अंशांच्या उतरत्या कडांची, साधारण ३८ मिमी रुंद. ही पद्धत इतकी पसरली आहे की उद्या हेड बदललं तरी प्लेटा त्याच राहतात. एखाद्या कंपनीची स्वतःची वेगळीच प्लेट असलेलं हेड स्वस्तात मिळालं तरी टाळा, प्लेट हरवली की सगळं हेड बाद. आर्का पद्धतीत एक गोम आहे. ती नेमक्या मापाच्या कडक नियमाने बांधलेली नाही, वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्लेटांत थोडा फरक असतो. स्क्रूने आवळायचा क्लॅम्प (प्लेट पकडणारा हेडचा जबडा) हा फरक पोटात घेतो. खटक्याचा क्लॅम्प ठराविक मापापर्यंतच मिटतो, त्यामुळे परकी प्लेट त्यात एक तर बसत नाही किंवा सैल राहते. स्क्रूचाच घ्या. प्लेटच्या दोन्ही टोकांना खालून बारीक अडस्क्रू असतात, क्लॅम्प अर्धवट सैल असताना कॅमेरा घसरून पडू नये म्हणून. त्रास होतो म्हणून लोक ते काढून टाकतात. काढू नका.

उभे फोटो किती काढता? गोळ्याच्या खाचेत कॅमेरा आडवा पाडला की सगळं वजन एका बाजूला लटकतं, तोल तीन पायांच्या मधोमध राहत नाही आणि कॅमेऱ्याखालचा स्क्रू हळूहळू फिरून सैल होतो. उभे फोटो बरेच असतील तर साध्या प्लेटऐवजी तुमच्या मॉडेलसाठी बनवलेली एल आकाराची प्लेट घ्या. तिच्यामुळे कॅमेरा उभा करूनही वजन गोळ्याच्या बरोबर डोक्यावर राहतं. मधूनच एखादा उभा फोटो असेल तर साधी प्लेट चालेल, फक्त तिला कॅमेऱ्याच्या कडेला टेकणारी छोटी ओठासारखी कड असावी. नुसत्या रबरावर भिस्त ठेवणारी प्लेट पिळते.

पैशांची वाटणी. शंभरातले साठ पायांना, तीस हेडला आणि दहा प्लेट व केबल रिमोटला. पायांना झुकतं माप अशासाठी, की हेड एकटं बदलता येतं. चांगले पाय मात्र तीन कॅमेरे बदलले तरी तेच राहतात. पैसे यातही कमी पडले तर आधी रिमोट सोडा, टायमर फुकट आहे. मग एल प्लेट सोडा. त्यानंतर उंचीतले १० सेंमी सोडा. नळीचा व्यास सगळ्यात शेवटी. पाय आणि हेड एकत्र मिळणारा संच स्वस्त पडत असेल तर घ्यायला हरकत नाही, फक्त हेड स्क्रू सोडून वेगळं होतंय ना हे बघा. तुमच्या आत्ताच्या ट्रायपॉडसारखं ते कायमचं जोडलेलं नको.

वापरलेले पाय मिळाले तर त्याच पैशांत एक पायरी वर जाता येतं, २८ ऐवजी ३२ मिमी किंवा ॲल्युमिनियमऐवजी कार्बन. पायांत इलेक्ट्रॉनिक काही नसतं, त्यामुळे दोष लपत नाहीत. प्रत्येक टप्पा पूर्ण बाहेर काढून बोटाने चाचपा, पोचा असेल तर लागतो. कार्बनच्या नळीवर नखाने टकटक करत खालपर्यंत जा. एके ठिकाणी आवाज बद्द झाला तर तिथे तडा किंवा सुटलेला डिंक असण्याची शक्यता आहे. लॉकच्या सांध्यांत पांढरी भुकटी दिसली तर ट्रायपॉड खाऱ्या पाण्यात उभा राहून तसाच घरी गेलेला आहे. हेड मात्र वापरलेलं घेताना विचार करा. गोळ्यावर चर पडलेले किंवा तेलकट डाग असतील तर सोडून द्या.

तेलावरून आठवलं. गोळा जड फिरतो म्हणून त्यावर तेल सोडणारे बरेच आहेत. गोळा घर्षणावर धरतो, तेल लावलंत की धरणं संपलं. कोरड्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसायचा, बस. ट्विस्ट लॉक वाळूने करकरत असेल तर एका वेळी एकच पाय उघडा. लॉक पूर्ण सोडून नळी बाहेर ओढली की तिच्या माथ्यावर प्लास्टिकच्या दोन अर्धगोल पट्ट्या दिसतील, त्यांचे छोटे उंचवटे नळीच्या भोकांत बसलेले असतात. कोणती पट्टी कोणत्या बाजूला होती याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. साध्या पाण्याने सगळं धुवा, रात्रभर वाळू द्या, मग फक्त लॉकच्या आट्यांना ग्रीसचं बोट लावा. नळीला किंवा त्या पट्ट्यांना ग्रीस लागू देऊ नका, नाहीतर पाय उभ्या उभ्या खाली बसतील. समुद्रावरून आलात तर हे त्याच दिवशी करायचं.

उभा करताना जाड टप्पे आधी उघडा, बारीक टप्पा अगदी लागला तरच. एक पाय लेन्सच्या दिशेला पुढे ठेवा म्हणजे पुढे लोंबणारं वजन त्याच्यावर येतं आणि तुम्हाला मागच्या दोन पायांमध्ये उभं राहायला जागा मिळते. उतारावर दोन पाय उताराकडे, एक चढाकडे. दांड्याखालच्या हुकाला पिशवी अडकवाल तेव्हा तिचं बूड जमिनीला टेकू द्या. अधांतरी पिशवी वाऱ्यात झोके घेते आणि ज्यासाठी अडकवली त्याच्या नेमकं उलटं करते.

जुना ट्रायपॉड मोडीत काढू नका. कॅमेऱ्यासाठी तो हलका आहे, पण फ्लॅश, छोटा दिवा किंवा मायक्रोफोन धरायला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. दिवा थरथरला म्हणून फोटो भुरकट होत नाही.